डावीकडची चटणी

बिबवेवाडी, पुणे
६ जानेवारी २०२५

मॅडम,

नमस्कार. मायना काय घालायचा यात माझी अर्धी सकाळ गेली. ‘आई’ लिहावं तर घटस्फोटाच्या कागदांनी तो विषय मिटवलाय. ‘काकू’ म्हटलं तर तुम्ही पत्र न वाचताच परत पाठवाल. म्हणून अख्खं अंबाजोगाई तुम्हाला जे म्हणतं तेच लिहिलं. पटलं नाही तर तेवढा शब्द सोडून पुढचं वाचा.

हे पत्र तुमच्या सुदर्शनबद्दल नाही. त्याच्याबद्दल मला काही विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. काम माझं स्वतःचं आहे.

मी बाणेरच्या एका छोट्या कंपनीत मोबाइलवरचे खेळ बनवते हे तुम्हाला माहीतच आहे. आजवर काय बनवलं? रंगीत फुगे फोडायचे खेळ. निळा फुगा, पिवळा फुगा, तीन जुळले की फट्. आता पहिल्यांदाच आमच्या आमोदसरांनी, म्हणजे मालकांनी, मला माझ्या मनातलं तर्काचं कोडं करायला परवानगी दिली आहे. गुढीपाडव्याला ते लोकांसमोर येईल. चाललं तर पुढे मी फक्त कोडीच करायची. नाही चाललं तर परत फुगे. मॅडम, मी आता फुगे फोडत म्हातारी झाले तर मला वेड लागेल. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतेय.

कोड्याचं नाव ‘पान’. केळीच्या पानावर नऊ घरं, तीन उभी, तीन आडवी. नऊ पदार्थ: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, उसळ, पोळी, वरणभात, श्रीखंड. कुठला पदार्थ कुठल्या घरात ते सूचनांवरून शोधायचं. उदाहरणार्थ, लिंबू चटणीच्या वर आहे. वरणभात कोशिंबीर आणि भाजी यांच्या मधे आहे. श्रीखंडाला उसळ शिवत नाही. अंदाजपंचे काही नाही, तर्काने जायचं आणि उत्तर एकच यायला हवं. दोन उत्तरं आली तर कोडं बाद. हे मला तुम्हीच शिकवलंत, तुमच्या स्वयंपाकघरात, रविवारच्या पुरवणीतलं आकड्यांचं कोडं मधे ठेवून.

आमच्या ऑफिसातली पोरं तीन मिनिटांत कंटाळतात. मला शेवटपर्यंत बसणारं माणूस हवंय. सोबत दहा कोडी पाठवते आहे. पेन्सिलने सोडवा, आणि खोडलंत तरी खूण राहू द्या. माणूस कुठे अडलं ते फोनवर दिसत नाही, कागदावर दिसतं. शिवाय फोनवर आपण दोघी कधी धड बोललो नाही, हेही आहेच.

ऋचा

*

अंबाजोगाई
१५ जानेवारी २०२५

चि. ऋचा हीस आशीर्वाद.

पाकिटावर तुझं अक्षर बघून आधी पाकीट तसंच ठेवून दिलं. म्हटलं, आता आणखी काय राहिलं. ‘काकू’ लिहिलं असतंस तर खरंच परत पाठवलं असतं, तेवढं तू बरोबर ओळखलंस.

दिवाळीनंतर माझ्या डाव्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं टीव्ही आणि मोबाइल उन्हाळ्यापर्यंत बंद केलाय. कागदावरचं मोठं अक्षर थोडं थोडं वाचलं तर चालतंय. शेजारणी येतात, बघायला म्हणून येतात आणि आपापलीच दुखणी सांगून जातात. त्यात तुझी कोडी आली. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. भात करपला एक दिवस.

दहाच्या दहा सोडवली. चौथ्यात अडले होते, खोडलेलं दिसेलच तुला. एक तक्रार आहे. ‘श्रीखंडाला उसळ शिवत नाही’ म्हणजे काय? त्यांचं काय भांडण आहे का? ‘शेजारच्या घरात नाही’ असं सरळ लिही. गणितात लाडीगोडी करू नये.

घरी सगळं ठीक. संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे. वाटेत भुगा झाला तर पोस्टाला बोल, मला नको.

दीपमाला

*

बिबवेवाडी
२२ जानेवारी २०२५

मॅडम,

तिळगुळाचा भुगाच आला. चमच्याने खाल्ला. छान होता.

कोडी मिळाली. दहापैकी सहा बरोबर, चार चूक. चूक उत्तरांवर फुली मारून कागद परत पाठवते आहे. मला जरा आश्चर्य वाटलं, कारण तुमच्याकडून एकही चुकेल असं वाटलं नव्हतं. बहुतेक घाई झाली. नियम पुन्हा एकदा शांतपणे वाचून बघावेत, सगळे पहिल्याच पानावर दिले आहेत. डोळ्याचं दुखणं आहे, त्यामुळे मनावर घेऊ नका.

‘शिवत नाही’ काढून ‘शेजारच्या घरात नाही’ केलं. मजा गेली, पण तुमचं बरोबर आहे.

ऋचा

*

बिबवेवाडी
१७ फेब्रुवारी २०२५

मॅडम,

जवळजवळ महिना झाला, तुमचं उत्तर नाही. मागचं पत्र टाकल्यावर मी ते मनात पुन्हा वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईला ‘नियम वाचा’ म्हणणारी मी कोण? आमच्या शनिवार पेठेत लहानपणापासून हेच ऐकत वाढलो. दुकानदार गिऱ्हाइकाला, डॉक्टर पेशंटला, सगळे एकमेकांना ‘नीट वाचा’ म्हणत असतात. जिभेला वळण लागलंय. रागावला असाल तर तसं लिहा, मी ऐकून घेईन. नुसतं गप्प बसलात तर मला काही कळत नाही.

कोड्याचं मात्र उत्तम चाललंय. आईच्या, म्हणजे माझ्या आईच्या, भिशीत मी पंचवीस कोडी वाटली. पेठेतल्या सगळ्या जुन्या बायका. प्रेमलाताई म्हणून आईची एक मैत्रीण आहे, तिने चहा गार व्हायच्या आत पाच संपवली. एकीचंही उत्तर चुकलं नाही. आमोदसर खूश आहेत. पाडव्यासाठी दोनशे कोडी तयार झाली.

डोळा कसा आहे ते तरी कळवा.

ऋचा

*

अंबाजोगाई
२५ फेब्रुवारी २०२५

चि. ऋचा हीस आशीर्वाद.

घरी पाहुणे होते, फार होते, म्हणून उशीर झाला. रागही आला होता. पण रागानं माझं पत्र थांबत नसतं, उलट लवकर निघतं.

आता मुद्द्याचं. पाहुणे गेल्यावर तू फुली मारलेली चारही कोडी मी परत सोडवली. परत तेच उत्तर आलं. मग तुझं उत्तर शेजारी ठेवून बघत बसले. तू एक कर. तुझं सातव्या कोड्याचं उत्तर आरशासमोर धर. आरशात जे दिसेल ते माझं उत्तर आहे. आता तुझ्या सूचना एकेक वाच. लिंबू चटणीच्या वर, तुझ्यातही आहे आणि माझ्यातही. वरणभात कोशिंबीर आणि भाजीच्या मधे, दोन्हीकडं आहे. मीठ वरच्या रांगेत मधोमध, दोन्हीकडं आहे. एकही सूचना मोडत नाही. चटणी डाव्या बाजूलाच पाहिजे असं तू कुठं लिहिलंयस? मला सापडलं नाही, आणि मी भिंग घेऊन वाचलंय.

मग आठवलं. सणावाराला तू आमच्याकडं यायचीस तेव्हा प्रत्येक ताटात डावीकडं चटणी, डावीकडं लिंबू, डावीकडं कोशिंबीर, असं मोजूनमापून मांडायचीस. मला वाटायचं, पुण्याच्या पोरीची हौस आहे, असू दे. अगं, आमच्या पंगतीत वाढपी ज्या हाताला वळेल तिकडं चटणी पडते. पत्रावळीला कसली आलीय डावी आणि उजवी.

तुझ्या आईच्या भिशीतल्या बायका हुशार असतीलच. पण त्या तुझं कोडं सोडवत नव्हत्या, त्या पान वाढत होत्या. म्हणून एकीचंही चुकलं नाही.

दोन उत्तरं आली म्हणजे कोडं बाद. तुझ्या फुल्यांवर मी लाल पेननं बरोबरच्या खुणा करून कागद परत पाठवलेत. विद्यार्थ्याला चूक म्हणायच्या आधी त्याची पायरी न पायरी वाचायची असते. डोळा बरा आहे.

दीपमाला

*

बिबवेवाडी
१ मार्च २०२५

मॅडम,

कागद घेऊन बेसिनच्या आरशासमोर उभी राहिले. तुमचं खरं आहे. दोनशेच्या दोनशे कोड्यांना दोन उत्तरं आहेत.

तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरवर तपासलं नाहीस का? तपासलं होतं. पण तो तपासणीचा प्रोग्रॅम माझाच, आणि तो लिहिताना मी चटणी डावीकडे बसवून मगच सुरुवात केली होती. नियम म्हणून नव्हे. चटणी डावीकडे असते, बस. त्यात लिहायचं काय, असं मला वाटलंसुद्धा नाही. वाटलंच नाही, हे जास्त लागलं मला.

आमोदसरांना सांगितलं. ते शांत माणूस आहेत, म्हणून जास्त भीती वाटते. म्हणाले, एक ओळ टाक, ‘चटणी नेहमी डावीकडे’, आणि सोडून दे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, हे काय लिहायचं असतं का, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुठल्या पोराला, ते मी विचारलं नाही.

ओळ टाकली तर कोडी वाचतील, मला कळतंय. पण मग तो खेळ राहत नाही. पेठेतल्या बाईंनी उभ्या महाराष्ट्राला पान कसं वाढावं ते शिकवण्याचा वर्ग होतो तो. लोक म्हणतील, तुम्ही कोण आम्हाला शिकवणार? आणि बरोबर म्हणतील. ओळ नाही टाकली तर कोडी चूक. पाडवा महिन्यावर आलाय. आमोदसर म्हणतात, पाडवा हलणार नाही, तुझं होत नसेल तर फुग्यांचा नवा भाग तयार आहे, तो सोडू.

मला सुचत नाही. दोन दिवस रडून झालं. त्या फुल्यांबद्दल माफ करा मला.

ऋचा

*

अंबाजोगाई
७ मार्च २०२५

चि. ऋचा हीस आशीर्वाद.

रडू नको म्हणणार नाही. रडून झालं की डोळे पूस आणि हे वाच.

पाहुणे होते असं मी लिहिलं होतं. कसले पाहुणे ते आता सांगते. नऊ फेब्रुवारीला सुदर्शनचं लग्न झालं. मुलगी सोलापूरकडची आहे, मुक्ता नाव, बँकेत असते. तुला कळवलं तर टोचेल, नाही कळवलं तर लपवल्यासारखं होईल, असं दोन्हीकडून मनात चाललं होतं. शेवटी मी लपवलं. आता सांगायले, कारण तुझ्या कोड्याची वाट मला त्या लग्नात सापडली.

डोळ्यामुळं मला कुणी कामाला हात लावू दिला नाही. काळा चष्मा घालून मंडपात खुर्चीवर बसवलं होतं. बसल्या बसल्या काय करणार, लोकांची पानं बघत होते. आमचे लोक तर कुठंही काहीही घेतात. मुक्ताच्या घरच्यांनी शेंगांची चटणी पानाच्या मधोमध मागून घेतली, मधोमधच पाहिजे म्हणे, बाकीचं तिच्याभोवती. तिचे एक काका होते, त्यांना गोड वरणाला लागलेलं चालत नव्हतं, मधे पोळीची भिंत घातली त्यांनी. आणि सुदर्शनचा तो पुण्याचा मित्र, अवधूत, त्यानं तर सगळं वाढून झाल्यावर अख्खी पत्रावळ फिरवून घेतली, चटणी डावीकडं यावी म्हणून. तेव्हा नुसतं हसू आलं होतं. तुझं पत्र वाचल्यावर त्याचा अर्थ लागला.

तू ओळ टाक, पण एकच ओळ सगळ्यांना नको. प्रत्येक कोड्याच्या डोक्यावर त्या त्या घरची रीत लिही. या घरी चटणी डावीकडं. या घरी चटणी मधोमध. या घरी गोडाशेजारी वरण नाही. दर कोड्याला घर वेगळं आणि रीत वेगळी. सोडवणाऱ्यानं आधी त्या घराची रीत समजून घ्यायची, मग पानाला हात लावायचा. म्हणजे पेठेतल्या बायकांनाही डोकं खाजवावं लागेल, नुसत्या सवयीवर सुटणार नाही. आणि कुणाला शिकवल्यासारखंही होणार नाही, कारण एकाचं बरोबर आणि दुसऱ्याचं चूक असं त्यात काही नाही.

लग्न होऊन सून घरात येते तेव्हा तिला हेच करावं लागतं. फक्त तिच्या हातात ती ओळ कुणी देत नाही.

करून बघ.

दीपमाला

*

बिबवेवाडी
१६ मार्च २०२५

मॅडम,

लग्नाचं मला त्याच दिवशी कळलं होतं. अवधूतने फोटो टाकले होते. त्यात तुम्ही हिरव्या साडीत, काळा चष्मा लावून, नवरदेवापेक्षा जास्त ऐटीत बसला आहात. सतरा फेब्रुवारीचं पत्र मी मुद्दाम थांबून टाकलं, लग्नघर मोकळं होऊ दे म्हणून. तुम्ही रागावला असाल असं त्यात लिहिलं, ते अर्धंच खरं होतं. मला वाटत होतं, आता नवी सून आली, जुनीची कोडी कोण सोडवणार. तुम्ही ‘पाहुणे’ लिहिलंत तेव्हा मी चिडलेही. मग वाटलं, मी तरी कुठे सरळ विचारलं? आपण दोघींनी एकच गोष्ट एकमेकींपासून लपवली. सुदर्शनला सुखी राहू दे. हे मी मनापासून लिहितेय, याचं मलाच नवल वाटलं.

आता रीत. मॅडम, ही कल्पना वाचली आणि मी पत्र हातात घेऊनच आमोदसरांच्या केबिनमध्ये गेले. ते आधी म्हणाले, दर वेळी नियम बदलला तर लोक गोंधळतील. मी त्यांना त्यांच्याच घरची रीत विचारली. म्हणाले, आमच्याकडे काही रीतबीत नाही, फक्त ताकाची वाटी उजव्या हाताला नसली तर बाबा जेवायला बसत नाहीत. मी तेवढ्यावर एक कोडं करून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यात ते इतके गुंतले की बाहेर मीटिंगची माणसं ताटकळत बसली.

जुनी दोनशे फेकून दिली. प्रोग्रॅम नव्याने लिहिला, चटणीला आता कुठेही मोकळं सोडलंय. पाडव्यापर्यंत चाळीसच होतील. नावही बदललं, ‘रीत’. आमोदसरांनी एक महिना दिलाय. महिनाभरात लोक रोज परत आले तर खेळ राहील, नाही तर बंद. त्यांनी ते हसत सांगितलं, पण ते हसत बंदही करतील.

सोबत पाच कोडी आहेत. या वेळी ‘घाई झाली’ म्हणणार नाही. दोन उत्तरं सापडली तर माझे कान धरा.

ऋचा

*

अंबाजोगाई
२१ मार्च २०२५

चि. ऋचा हीस आशीर्वाद.

हे कुरियरनं पाठवायले, पोस्टावर भरवसा नको.

चार कोडी पक्की आहेत. तिसऱ्यात दोन उत्तरं निघतात, भाजी आणि उसळीची अदलाबदल होते, कारण दोघींसाठी तू एकही सूचना दिलेली नाहीस. दुरुस्त कर. कान नंतर धरीन.

पाचवं फार सुंदर झालंय. ‘या घरी आंबट सगळं एका रांगेत’ एवढ्या एका ओळीवर सगळं पान उलगडत गेलं. मी सोडवून परत खोडलं आणि परत सोडवलं. शाळेत असते तर फळ्यावर लिहिलं असतं.

तू लग्नाबद्दल लिहिलंस ते वाचून माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. त्यावर आणखी काही लिहीत नाही, डोळ्यात पाणी आणायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलंय.

पाडव्याला काय होतंय ते कळव. इकडं माझा जीव लागून राहिलाय.

दीपमाला

*

बिबवेवाडी
२१ एप्रिल २०२५

मॅडम,

मुद्दाम उशिरा लिहितेय. मधे लिहिलं असतं तर नुसतं रडगाणंच झालं असतं.

पाडव्याला ‘रीत’ लोकांसमोर आली. पहिला आठवडा काय वर्णावा. सगळ्यात आधी आमच्या पुण्याने समाचार घेतला. एकाने लिहिलं, ‘चटणी मधोमध? बनवणाऱ्यांनी आधी जेवायला शिकावं.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘कोडं सुटलं. मात्र अशा घरी आम्ही जेवायला जाणार नाही.’ प्रेमलाताईंनी आईला फोन करून विचारलं, ऋचाची तब्येत बरी आहे ना. लोक एक कोडं सोडवायचे, भांडायचे आणि जायचे. दुसऱ्या आठवड्यात आमोदसरांनी फुग्यांच्या नव्या भागाची फाइल माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुऊन आले.

मग जळगावहून एका बाईंचं पत्र आलं, म्हणजे ईमेल. त्यांनी लिहिलं होतं, तुमच्या चाळीस घरांत आमचं घर नाही. आमच्याकडे भरीत असलं की बाकी कुठल्या भाजीला पानात त्याच्या शेजारी जागा नसते, तेवढी एक रीत घाला. मी त्याच दिवशी कोडं केलं आणि खाली त्यांचं नाव टाकलं. त्यांनी ते आपल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. त्या नातेवाइकांना वाईट वाटलं की आमची रीत का नाही. मॅडम, तेव्हापासून माझी पत्रपेटी भरून वाहतेय. मालवणहून, गोंदियाहून, इंदूरच्या मराठी मंडळींकडून. एका आजोबांनी लिहिलंय, आमच्या घरी कसलीच रीत नाही आणि तीच आमची रीत, करा कोडं. अजून जमलेलं नाही. आणि जे पुण्याचे लोक भांडून गेले होते ते रोज परत येतात, कारण भांडायला रोज नवं घर मिळतं.

काल आमोदसर माझ्या टेबलापाशी आले, ड्रॉवर उघडायला लावला आणि ती फुग्यांची फाइल घेऊन गेले. दुसऱ्या कुणाला तरी दिली. मला फक्त म्हणाले, उद्याचं कोडं तयार आहे ना? मॅडम, मला आता फुगे फोडावे लागणार नाहीत. हे वाक्य मी कागदावर लिहून बघतेय, खरं वाटावं म्हणून.

एक मागणं आहे. इतक्या घरांच्या रिती आल्या, तुमच्या घरची आली नाही. मी चार वर्षं सणावाराला त्या घरात वाढलं, तरी मला ती सांगता येत नाही. तुम्ही कळवा.

ऋचा

*

अंबाजोगाई
४ मे २०२५

चि. ऋचा हीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणाला, ते पुढं सांगते. फुग्यांची फाइल गेली तिथं आल्यावर मी टाळी वाजवली. या वयात शोभत नाही, पण वाजवली.

डॉक्टरनं आता दिवसातून थोडा वेळ मोबाइल बघायला परवानगी दिलीय. पण त्याआधीपासूनच तुझी कोडी घरात आहेत. सुदर्शन आणि मुक्ता पाडव्याला चार दिवस आले होते, आता सुट्टीला परत आलेत. मुक्ता मोबाइल हातात धरून सूचना मोठ्यानं वाचायची आणि मी डोळे मिटून सांगायची, इथं लिंबू, तिथं पोळी. तिनं विचारलं, आई, हे कुणी बनवलं? मी म्हटलं, ऋचानं. कोण ऋचा, ते तिला माहीत होतं. पुढची सूचना वाचायच्या आधी म्हणाली, हुशार आहेत. बस, एवढंच. तुझं पत्र मी तिलाच वाचून दाखवलं.

आमच्या घरची रीत मागितलीस. खूप विचार केला. पानात डावं-उजवं आमच्याकडं नाही हे मी तुला मागंच लिहिलं. म्हणून पानाचं कोडं काही जमेना. मग पंगतीचं केलं. मी स्वतः केलंय, पहिल्यांदाच. सोबत आहे. घरात सहा माणसं, दोन पंगती, एकीत तीन आणि दुसरीत तीन. कोण कुठं बसलंय ते शोधायचं. वरती रीत लिहिलीय: ‘या घरी, जिनं रांधलं ती पहिल्या पंगतीत बसते.’

तू म्हणशील, ही कुठली रीत, मी तर कधी बघितली नाही. बरोबर आहे. तू यायचीस तेव्हा सगळ्यांचं झाल्यावर, ओट्यापाशी, गार झालेलं जेवायचीस. मीही त्या घरात आल्यापासून तशीच जेवले. ही रीत नवी आहे. पाडव्याला मुक्तानं पुरणपोळ्या केल्या, सगळ्यांना वाढलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, बस. ती म्हणाली, तुमच्याकडं सुना शेवटी बसतात ना? मी म्हटलं, “कुठं लिहिलंय?” तुझ्या चटणीपासून मला हे विचारायची सवयच लागलीय. मग मी तिचं पान वाढलं, तिला माझ्या शेजारी बसवलं आणि सुदर्शनला म्हटलं, ऊठ, तू वाढ. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण उठला. पोळीवर तूप जरा कमी वाढतो, शिकेल.

तेव्हापासून तसंच चाललंय. लिहून ठेवलेलं बरं, म्हणून कोडं केलं. उत्तर एकच येतंय का तेवढं बघ. मी तपासलंय, पण आपण केलेलं आपल्याला बरोबरच दिसतं.

दीपमाला

*

बिबवेवाडी
१२ मे २०२५

मॅडम,

कोडं ऑफिसात बसून सोडवलं, पेन्सिलने, कागदावर. सूचना एका ठिकाणीही कमी नाही आणि जास्त नाही. सगळ्या बाजूंनी तपासलं, प्रोग्रॅमला घातलं, पुन्हा हाताने केलं. उत्तर एकच येतं. पहिल्या पंगतीत मुक्ता आणि तुम्ही शेजारी शेजारी.

शेवटचं नाव भरलं आणि मला रडू फुटलं, सगळ्यांच्या देखत. तुमचा राग आला म्हणून नाही. मुक्ताला वेळेवर, गरम जेवायला मिळालं याचा मला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या आत थोडं दुखलंही. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिते.

आमोदसर धावत आले. कोडं एवढं अवघड आहे का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “अवघड नाही, सोपं आहे. फक्त जरा उशिरा आलं.”

येत्या रविवारी ते सगळ्यांकडे जाईल.

ऋचा